सायकलवाल्यालाही दंड? झालाच पाहिजे!

शीर्षक वाचून निम्म्या हॉस्टेलनं मला शिव्या घालायला सुरुवात केली असणार, याची पूर्ण कल्पना आहे. कारण आपल्या कॅम्पसमध्ये सायकलवर दिसतात ते बहुतेक हॉस्टेलवालेच. डे-स्कॉलर मंडळी गाड्या उडवत येतात आणि गाड्या उडवत जातात. तेव्हा हा लेख म्हणजे सरळ सरळ घरभेदीपणाच! पण मित्रमैत्रिणींनो, आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय घालायच्या त्या शिव्या घाला. (रूम नंबर म्हणूनच दिलेला नाही.)

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. रस्त्यावर ज्याला दंड होऊच शकत नाही, त्याला रस्त्यावर हक्कही मिळत नाही. आपल्याकडे सायकलवाल्याला कोणी अडवत नाही, पावती फाडत नाही, याचं आपल्याला केवढं कौतुक! पण ही मेहेरबानी वगैरे काही नाही हो. तो हिशेबातच धरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता दंड या विषयावर बोलायचा मला काय अधिकार? तर बराच आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे शाळेच्या आवारात तोंडातून मराठी शब्द निघाला की शब्दाला एक रुपया फाइन असायचा. त्या दरानं हा लेख मला चांगलाच महागात पडला असता! पुढे इंजिनिअरिंगला आले, तर इथे लायब्ररीचा फाइन, आयकार्ड नसेल तर फाइन, लॅबमध्ये काही फुटलं तर ब्रेकेज, हॉस्टेलचं गेट बंद झाल्यावर आलं तर फाइन (मुलींचं गेट आधी का बंद होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.)

एवढ्या फाइनांमध्ये राहून एक गोष्ट कळली. सगळे दंड सारखे नसतात. शाळेतला तो रुपया घेताना पावती मिळत नसे, आणि 'मला काही सांगायचं आहे' असं म्हणायची सोय नसे. त्या रुपयामुळे कोणाचं इंग्रजी सुधारलं असं मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत गप्प बसायची सवय मात्र लागली. याउलट लायब्ररीचा दंड घ्या. दर पाटीवर लिहिलेला असतो, टॉपरला आणि एटीकेटीवाल्याला सारखाच असतो, पावती मिळते, आणि त्यामागचं कारण कळतं, की ते पुस्तक आणखी कोणाला तरी हवं असतं. तो भरताना चरफडायला होतं, पण अपमान वाटत नाही. हा फरक जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येते मूळ गोष्टीकडे. माझा मावसभाऊ इथलाच. मेकॅनिकल करून झाल्यावर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये त्यानं एक कोर्स केला आणि तिथेच त्याला जर्मनीचं वेड लागलं. भाषेच्या परीक्षा दिल्या, अर्ज केले, आणि दादा मास्टर्सला गेला. ज्यांच्या डोक्यात हे वेड आहे त्यांना ठाऊक असेल, की जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. म्हणजे महिन्याला हातात येणार ९९२ युरो. त्यात खोलीचं भाडं, विमा, जेवण, सगळं. दादानं मग बस-ट्रामच्या नादी न लागता सत्तर युरोला एक जुनी सायकल घेतली आणि तिच्यावर फिरायला लागला.

एके रात्री अकराच्या सुमाराला तो पार्ट-टाइम कामावरून परत येत होता. कडाक्याची थंडी, चौकात चिटपाखरू नाही, आणि सिग्नल लाल. तो न थांबता पुढे गेला. कोपऱ्यावर पोलीस उभे होते. त्यांनी थांबवलं, नाव-पत्ता लिहून घेतला. दादा म्हणाला, "रस्त्यावर कोणीच नव्हतं हो." त्यावर पोलीस अगदी शांतपणे म्हणाला, "सिग्नल होता ना." ना आरडाओरडा, ना पैशाची भाषा. 'जा' म्हणाले.

काही आठवड्यांनी घरी एक पत्र आलं. त्यात दंड नव्हता! त्यात विचारलं होतं, की अमुक दिवशी अमुक वेळी असं घडलं, तुमचं काय म्हणणं आहे? त्यानंतर दुसरं पत्र आलं, त्यात हिशेब होता. सिग्नल तोडल्याबद्दल ६० युरो, कारवाईचं शुल्क २५ युरो, टपाल वगैरेचे साडेतीन युरो, एकूण ८८ युरो ५० सेंट. म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये. सायकलीपेक्षा दंड महाग! शिवाय फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात जर्मनीचं वाहनविषयक केंद्रीय कार्यालय आहे, तिथल्या नोंदवहीत दादाच्या नावावर एक गुण. हा गुण वाढला तर आनंद मानायचा नसतो, आठ झाले की मोटारीचं लायसन्स जातं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की हे मान्य नसेल तर दोन आठवड्यांच्या आत हरकत घ्या.

तिथला नियम पुढेही बारीक आहे. सिग्नल लाल होऊन एक सेकंदापेक्षा जास्त वेळ झालेला असेल तर ६० चे १०० युरो होतात. सायकल चालवताना हातात मोबाइल धरला तर ५५ युरो. दिवा नसेल तर २०. आणि पायी चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा आहे म्हणून सायकल दामटायची सोयही २०१७ पासून राहिलेली नाही. सायकलसाठी वेगळा दिवा नसेल तर गाड्यांचा सिग्नल पाळायचा. कारण तिथल्या कायद्यात सायकल हे वाहन आहे.

आमच्या घरच्या ग्रुपवर जो गोंधळ उडाला तो विचारू नका. मावशी म्हणाली, "सायकलला कसला मेला सिग्नल!" मोठे काका म्हणाले, "स्टुडंट आहे म्हणून हात जोडायचे ना, सोडलं असतं." आत्याला काळजी, की पोलीस केस झाली, आता मुलाच्या लग्नाचं कसं होणार! फक्त आजोबा हसले, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दिवा होता का त्याच्याकडे?"

आजोबांच्या या प्रश्नामागे इतिहास आहे. ते १९६०च्या दशकात पुण्याला शिकायला होते. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. आणि त्या शहरात सायकलवाल्याला दंड होणं ही रोजची गोष्ट होती, कोणाला त्याचं आश्चर्य वाटत नसे. महानगरपालिकेचा कर भरून सायकलला बिल्ला लावावा लागायचा. बिल्ला नसला की पंचाईत. रात्री दिवा नसला की पंचाईत. डबलसीट दिसलात तर हमखास पंचाईत. त्यामुळे चौक जवळ आला की मागच्यानं उतरायचं, दोघांनी शहाण्यासारखं चालत चौक ओलांडायचा, आणि पोलीस दिसेनासा झाला की पुन्हा टांग टाकायची! दिवा विझला असेल तर सायकल हातात धरून चालायचं. आजोबा सांगतात, की दंड परवडला, पण काही पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचे ते नको वाटायचं. पंपासाठी मैलभर पायपीट, आणि वर बघ्यांचं हसू.

मघाशी मी दंडातला फरक लक्षात ठेवायला सांगितला होता, तो इथे बघा. बिल्ल्याचा दंड म्हणजे लायब्ररीचा फाइन. हवा सोडणं म्हणजे माझ्या शाळेतला रुपया. पण एक गोष्ट दोन्हींत होती. चौकातल्या पोलिसाला सायकलवाला दिसत होता.

मग तो दिसायचा बंद कसा झाला? आपल्या शहरातल्या पोरांना याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. स्कूटर आणि मोटरसायकल घरोघरी गेली. ज्याची ऐपत झाली त्यानं सायकल सोडली, आणि ज्याची झाली नाही तोच सायकलवर उरला. रस्ते गाडीवाल्यांसाठी झाले, कायदेही तसेच झाले. १९८८ चा मोटार वाहन कायदा नावाप्रमाणेच मोटार वाहनांचा. पायानं मारायची सायकल त्याच्या व्याख्येत बसत नाही. तसा १९५१ चा आपल्या राज्याचा पोलीस कायदा आहे, त्यातल्या 'वाहन' शब्दाच्या व्याख्येत सायकल आहे. पण आज चौकातल्या पोलिसाच्या हातात ई-चलानचं मशीन असतं, आणि ते मशीन पहिल्यांदा गाडीचा नंबर मागतं. सायकलला नंबर कुठून आणणार? कॅमेरासुद्धा नंबरप्लेटच वाचतो. म्हणजे सायकल मशीनलाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. दिसते ती फक्त धडक बसल्यावर.

हे मी उगाच भाषा सजवायला लिहीत नाहीये. आपल्या मेसच्या मामांची हकिकत बऱ्याच जणांना माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात पहाटे पाचला, आपल्याला साडेसातला गरम पोहे मिळावेत म्हणून ते सायकलवर येत होते. बायपासला मागून गाडीनं उडवलं आणि गाडीवाला पसार झाला. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने घरी, पगार नाही. जमलेले लोक म्हणाले, "सायकलला लाइटच नव्हता, दिसणार कसा?" हे खरंच होतं. मामांच्या सायकलला दिवा नव्हता, मागे रिफ्लेक्टरही नव्हता. वीस वर्षं ते त्याच रस्त्यानं, त्याच अंधारात येत होते. त्या वीस वर्षांत एकाही माणसानं त्यांना थांबवून विचारलं नाही, की मामा, दिवा कुठंय?

आम्ही चार-पाच जणी त्यांना भेटायला घरी गेलो होतो. मी हेच विचारलं, की तुम्हाला कधी कोणी पोलिसानं अडवलं नाही का. मामा हसले. म्हणाले, "मला कोन अडवतंय ताई? आपली काय गाडी हाय का?"

मला वाटतं, माझा सगळा लेख त्या एका वाक्यात आहे. कोणीतरी मामांना एकदा पन्नास रुपयांचा दंड केला असता, तर त्यांनी चार दिवस त्या पोलिसाला शिव्या दिल्या असत्या आणि पाचव्या दिवशी शंभर रुपयांचा दिवा लावला असता. आपण त्यांना कधी दंड केला नाही. त्याऐवजी त्यांनी तीन महिन्यांचा पगार भरला आणि एक पाय भरला.

(जाता जाता एक उपयोगाची माहिती. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तरी केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये भरपाई आहे. अर्ज महसूल खात्याच्या तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे करायचा असतो. सायकलवाल्यालाही ती लागू आहे. आपल्या घरी, गावात सांगून ठेवा.)

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत साडेचार हजारांच्या वर सायकलस्वार होते. हे कोण असतील, याचा अंदाज करायला अहवाल लागत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या शिफ्टला निघालेले कामगार. पेपर टाकणारी पोरं. दूधवाले. आणि आपल्या मराठवाड्यातल्या शाळकरी मुली. मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकार सायकल देतं. फार चांगली योजना आहे. आमच्या वर्गातल्या एकीची दहावी आणि बारावी त्याच सायकलवर झाली, नाहीतर तिच्या वडिलांनी तिला शाळेत पाठवलंच नसतं. पण ही मुलगी हायवेच्या कडेनं जाते तेव्हा तिच्या बाजूनं ट्रक किती अंतर ठेवून गेला पाहिजे, हे कोणी ठरवलंय?

जर्मनीत ठरवलंय. दादाच्या पत्राची दुसरी बाजू ही आहे, आणि ती ग्रुपवर कोणीच वाचली नाही. २०२० पासून तिथे गाडीवाल्यानं सायकलला ओव्हरटेक करताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. सायकलच्या लेनमध्ये 'दोन मिनिटांत आलोच' म्हणून गाडी उभी केली, तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून किमान ५५ युरो दंड आहे. बऱ्याच चौकांत सायकलला स्वतःचा छोटा सिग्नल आहे. म्हणजे ज्या कायद्यानं दादाला ६० युरो मागितले, तोच कायदा त्याच्या शेजारून जाणाऱ्या मर्सिडीजवाल्याला दीड मीटर लांब राहायला सांगतो. एक हात दंडाचा, दुसरा हात संरक्षणाचा. आपल्याकडे यातला एकही हात नाही, आणि आपण खूश आहोत, की चला, दंडाचा हात तरी नाही!

इतर देशांतही हेच दिसतं. नेदरलँड्समध्ये तर माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथे १ जुलै २०१९ पासून सायकलवर मोबाइल हातात धरायला बंदी आली, तेव्हा दंड होता ९५ युरो. जपाननं १ नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवर मोबाइल वापरण्यासाठी कैदेपर्यंतची शिक्षा ठेवली, आणि सोळा वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची चिठ्ठी देण्याच्या पद्धतीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. सायकलवर सगळ्यात जास्त माणसं दिसतात ते हे देश. तिथे सायकल ही गरिबाची लाचारी समजत नाहीत, वाहन समजतात.

आता तुमच्या शंका. हॉस्टेलच्या कट्ट्यावर हा विषय काढला तेव्हा ज्या तीन शंका आल्या त्याच घेते.

पहिली शंका, हा तर गरिबावर अन्याय! ज्याच्याकडे पेट्रोलचे पैसे नाहीत त्याच्याकडे दंडाचे कुठून येणार? शंका अगदी रास्त आहे. आणि चुकीचा दंड कसा असतो याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती. दिवा नाही म्हणून नाही, सिग्नल तोडला म्हणूनही नाही, निव्वळ सायकल आहे म्हणून लोकांना दंड झाले. बदल्यात सायकलला दुसरा रस्ता दिला नाही. हा माझ्या शाळेतल्या रुपयाचाच मोठा भाऊ! ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यानं २०१६ साली हेल्मेट न घालणाऱ्या सायकलवाल्याचा दंड ७१ डॉलरवरून एकदम ३१९ डॉलर केला, त्यावरही तिथे खूप टीका झाली. मी असल्या दंडाची बाजू घेत नाहीये. पहिल्यांदा समज द्या. दुसऱ्यांदा दिव्याच्या किमतीएवढाच दंड करा, आणि आठ दिवसांत दिवा लावून दाखवला तर तो माफ करा. जर्मनीतही छोट्या चुकांना आधी तोंडी समज देतातच.

दुसरी शंका, आधी ट्रॅक द्या, मग दंड मागा. शंभर टक्के कबूल. सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून तर जास्तच कबूल. सायकल ट्रॅक कसा बांधायचा हे इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ सालीच लिहून ठेवलं आहे, कोड नंबर ११. किमान रुंदी दोन मीटर. २०१५ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. म्हणजे आमच्या वडिलांच्या जन्माआधीपासून ट्रॅकचा कोड आहे, फक्त ट्रॅक नाही! २०२० मध्ये केंद्राच्या सायकल स्पर्धेच्या निमित्तानं आपल्या शहरात क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर ट्रॅक करून पाहण्यात आला. चांगली गोष्ट झाली. पण नुसता पट्टा रंगवून भागत नाही. त्या पट्ट्यात गाडी लावणाऱ्याला दंड हवा आणि पट्टा सोडून उलट दिशेनं येणाऱ्या सायकलवाल्यालाही हवा. दंड नसलेला ट्रॅक म्हणजे मोफत पार्किंग. हे समजायला ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगचा पेपर द्यायची गरज नाही.

तिसरी शंका सगळ्यांत जास्त टाळ्या घेऊन गेली. "म्हणजे तोडपाणी करायला आणखी एक गिऱ्हाईक!" यावर मी एवढंच म्हणेन, की तोडपाणी अंधारात होतं. कागद असला, कारण लिहिलं, 'तुमचं म्हणणं काय' असा रकाना ठेवला, हरकतीची मुदत दिली, की दंडाला हिशेब येतो. दादाच्या त्या दोन पत्रांचं मला जास्त कौतुक वाटतं ते याचसाठी. साडेअठ्ठ्याऐंशी युरोचा चटका बसलाच, पण एका परक्या देशानं, जिथे त्याचं कोणी नाही, त्याला आधी विचारलं, की तुझी बाजू काय? इतक्या वर्षांच्या फाइनांमध्ये मला हा प्रश्न कितींदा विचारला गेला, ते आठवून बघते आहे!

हे सगळं आत्ताच का लिहिलं, त्यालाही कारण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम १३८ मध्ये एक छोटी भर पडली. सायकलसारखी बिनमोटारीची वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी नियम करायचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. नियम मात्र पुढे सरकेनात. कोइंबतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजसीकरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी जनहित याचिका केली होती. (हाडं जोडून जोडून कंटाळले असतील बिचारे!) त्याच याचिकेत ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं, की हे नियम सहा महिन्यांत करा. म्हणजे सायकलवाल्याला पुन्हा एकदा कायद्याच्या पुस्तकात जागा मिळायची वेळ आली आहे. त्या पानावर काय लिहायचं, हे फक्त गाडीतून फिरणाऱ्यांनी ठरवलं तर काय होईल? 'सायकलींना अमुक रस्त्यावर मनाई' एवढंच लिहिलं जाईल, आणि आपलं कोलकाता होईल. म्हणून आपण बोललं पाहिजे. दिवा आणि सिग्नल आम्ही पाळतो, पाळला नाही तर दंड घ्या. पण दीड मीटर अंतर, मोकळा ट्रॅक आणि चौकात थांबायला जागा आम्हाला द्या, आणि ती अडवणाऱ्यालाही दंड करा. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर हव्यात.

सरकारचं सरकार बघेल, आपण काय करणार, असं म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. आपल्या कॅम्पसमध्ये कायदा आपलाच आहे. रात्री हॉस्टेल ते लायब्ररी या रस्त्यावर एकही धड दिवा नाही, आणि बिनदिव्याच्या सायकली आणि बिनहेडलाइटच्या गाड्या दोन्ही तिथे एकमेकींना चुकवत असतात. आपण आपला नियम करू या. सायकलला पुढे दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, तर सात नंतर ती स्टँडवरून निघणार नाही. गाडीनं सायकलला घासून ओव्हरटेक केलं, तर गाडीची पार्किंग एक आठवडा बंद. दोन्ही दंड नोटीस बोर्डवर लिहिलेले, पोरांना, पोरींना आणि स्टाफला सारखे, आणि प्रत्येकाला आधी विचारायचं, की तुमचं म्हणणं काय. आपले रेक्टर सर आणि मॅडम हे वाचत असतील, तर त्यांनी विचार करावा ही नम्र विनंती.

आणि नियम लागू करायच्या आधी एक काम. मेस, बाग आणि सफाईच्या मामा-मावशींच्या मिळून सतरा सायकली मी स्टँडवर मोजल्या. त्यांतल्या तीनच सायकलींना दिवा आहे. उरलेल्या चौदा सायकलींना दिवा आणि रिफ्लेक्टर लावायचा खर्च हॉस्टेलमध्ये वाटला, तर प्रत्येकाला एका वडापावाएवढाही येत नाही. मेसच्या दारावर एक कागद लावलेला आहे. ज्यांना पटलं त्यांनी त्यावर नाव लिहावं. ज्यांना पटलं नाही आणि शिव्याच द्यायच्या आहेत, त्यांनीही त्याच कागदावर लिहाव्यात. दर मात्र आमच्या शाळेचा राहील, शब्दाला एक रुपया. पावती मिळेल!

– तृतीय वर्ष, सिव्हिल